खिळ्यावर न टांगलेली चावी

भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या आमच्या बिल्डिंगीत पाणी कधी येईल हे कुणालाच सांगता यायचं नाही. आनंदीकाकूंना मात्र ते आधी कळायचं. नळाला एक खोकला लागायचा, मग नुसती हवा यायची, मग गढूळ धार. तो खोकला ऐकला की काकू हातातली भाजी तशीच टाकून दाराच्या मागच्या फळीकडे धावत सुटायच्या. त्या फळीवर खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्यावर कुणाच्या ना कुणाच्या घराची चावी लटकत असायची. आम्ही सगळे नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, दिवसभर घराला कुलूप. काकू एकेक दार उघडून आत जायच्या, पिंपं भरायच्या, नळ बंद करायच्या, एखाद्याचं दूध बाहेर राहिलं असेल तर तापवून ठेवायच्या आणि कुलूप लावून परत यायच्या. संध्याकाळी घरी आलं की पिंप भरलेलं. आभार मानायला गेलं की म्हणायच्या, "त्यात काय, मी काय नळ घडवला?"

मी मूळची गिरगावातली. चाळ बिल्डरला गेली आणि दोन हजार तीन साली आम्ही भाईंदर पूर्वेला आलो. माझा स्वभाव संशयी. महिनाभर मी काकूंना चावी दिली नाही. परक्या बाईच्या हातात आपलं घर? मग एक दिवस सकाळी घाईत नळ उघडा राहिला, दुपारी पाणी आलं आणि संध्याकाळी माझ्या उंबऱ्यातून जिन्यापर्यंत ओहोळ वाहत होता. गाद्या वाळत घालताना माझा संशयही वाळला. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने चावी घेऊन समोरच्या दारात उभी राहिले.

काकूंनी चावी घेतली, तिला एका फुटक्या प्लास्टिकच्या बांगडीचा तुकडा बांधला आणि खिळ्यावर अडकवली.

"नाव नाही लिहिलंत?" मी विचारलं.

"चोर आला तर त्याला पत्ते वाटू काय?" काकू म्हणाल्या.

एकाही चावीवर नाव नाही, नंबर नाही. कुणाला तुटका चमचा, कुणाला जुन्या ब्रशची दांडी, कुणाला बाटलीचं झाकण. कुणाचं काय ते फक्त काकूंना ठाऊक. आणि दुसरा नियम त्याहून कडक: चावी ज्याची, त्याच्याच हातात जाणार. तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेनची चावी मागायला एकदा त्यांचा नवरा आला, तर काकूंनी त्याला दारात उभं करून आधी हंसाबेनना दुकानात फोन लावला. तो बिचारा म्हणत होता, "अरे काकी, मेरा ही घर है!" काकूंचं उत्तर, "घर तुमचा है, चावी उनका है."

धाकूकाका, म्हणजे काकूंचे यजमान, हे सगळं दारात बसून बघायचे आणि गालातल्या गालात हसायचे. ते स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते. आमच्याकडे गाळ्यागाळ्यांतून भांडी बनतात, तुमच्या घरातला एखादा डबा त्यांच्या हातचा असू शकतो. उभं आयुष्य मशीनच्या घरघरीत गेल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं, आणि म्हणून ते सगळ्यांशी ओरडून बोलायचे. त्यांची कुजबुज दोन मजले वर जायची. माणूस मात्र लोण्यासारखा.

दोघांचं गाव संगमेश्वरच्या बाजूला. काकूंनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. मी माझ्या नवऱ्याला "जितेश, अरे जितेश" करत दिवसातून पन्नास वेळा हाका मारते, त्यातल्या निम्म्या रागाने. काकूंचं आपलं "हे", "आमचे हे", "स्वातीचे बाबा". बरं, एरवी न घेणाऱ्या बायकाही उखाण्यात नाव घेतातच. काकू तिथेही सापडायच्या नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही दरवर्षी त्यांना कोपऱ्यात गाठायचो, "काकू, नाव घ्या, नाव घ्या," आणि दरवर्षी नेमका तेव्हाच त्यांचा चहा उतू जायचा. गॅस बंद असला तरी.

"लग्नातपण घेतलंन न्हाय," धाकूकाका एकदा मला सांगत होते. "सगळ्या बायका मागं लागलेल्या. उखाणा पाठ करून आली होती म्हणे. आयत्या वेळी पळाली ती थेट परसात!" आणि ते मोठ्याने हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "एकदा ऐकायचं होतं, बाय." मला त्या वेळी त्यांची दया आली आणि काकूंचा राग आला. एवढं काय त्या नावात!

काकूंची लेक स्वाती अंधेरीला सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि तिने हप्त्यावर कॉम्प्युटर घेतला. बिल्डिंगीतला तो पहिलाच, इंटरनेटसकट. झालं! ज्या घरात चाव्या होत्या, त्याच घरात आता ईमेल आले. गणपतीला गावी जायचं रेल्वेचं रिझर्वेशन, पोरांचे निकाल, वीजबिल, नोकरीचे अर्ज, सगळ्यासाठी लोक काकूंच्या हॉलमध्ये. काकू सातवी शिकलेल्या, पण स्वातीने त्यांना माउस धरायला शिकवला आणि एका बोटाने का होईना त्या टाइप करायला लागल्या. आणि मग जे व्हायचं तेच झालं. लोकांनी चाव्यांसारखेच आपले पासवर्डही काकूंकडे ठेवायला दिले. "काकू, तुमच्या लक्षात राहू दे, मी विसरतो."

काकूंच्या लक्षात राहायचे. अडचण ती नव्हती. अडचण अशी, की चावी हातात द्यावी लागते आणि पासवर्ड तोंडाने सांगता येतो. कुणीतरी खालून, रिक्षात एक पाय ठेवून ओरडायचं, "काकू, माझा पासवर्ड काय होता?" आणि काकू गॅलरीतून तितक्याच प्रेमाने ओरडायच्या, "अरे, तुझ्या बायकोचं माहेरचं नाव नि पुढं एकशे आठ!" नावाची चिठ्ठी चावीला न बांधणारी हुशार बाई, पण पासवर्ड ही लपवायची वस्तू आहे हे तिच्या गावी नव्हतं. आमच्या गावी तरी कुठे होतं? आम्ही सगळे खाली उभे राहून ऐकत होतो.

एका हिवाळ्यात कुणीतरी चावट माणूस हंसाबेनच्या ईमेलमध्ये शिरला आणि त्यांच्या यादीतल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना मेल गेली, "रविवारी आमच्याकडे उंधियू, सहकुटुंब या." रविवारी अकरा वाजता बोरिवलीहून पहिली गाडी आली. मग दुसरी. मग कुणी मालाडहून. हंसाबेन गाउनवर होत्या आणि घरात फक्त खिचडी लावलेली होती. त्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगीने मिळून सुरणं सोलली, रताळी चिरली. उंधियू झकास झाला हे मान्य करावंच लागेल. पण रात्री काकू चाव्यांच्या फळीसमोर बसून होत्या. "माझ्याकडं ठेवलेलं होतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या खिळ्यावरची एक चावी इकडची तिकडे झाली नव्हती, आणि हे असं झालं होतं. तो चावट माणूस कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढच्याच रविवारी स्वातीने कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम टाकला. मी तेव्हा तिथेच होते, फुकटचा चहा पीत. स्वाती आईला समजावत होती, "ही तिजोरी समज. सगळ्यांचे पासवर्ड हिच्या पोटात. कुणी आलं की तू तिजोरी उघडायची, त्याच्या नावावर बटण दाबायचं, पासवर्ड आपोआप जाऊन त्या चौकटीत बसतो. तिथे नुसते काळे ठिपके दिसतात. त्याला दिसत नाही, शेजारच्याला दिसत नाही, तुलासुद्धा बघायची गरज नाही."

"म्हणजे चावी न दाखवता दार उघडायचं," काकू म्हणाल्या.

"अगदी तसंच. आणि आता सगळ्यांचे जुने पासवर्ड बदलून टाक. बायकोची नावं, वाढदिवस, काही नको. ही तिजोरीच नवे बनवते, कुणाला वाचताही येणार नाहीत असे." स्वातीने एक बनवून दाखवला. मांजर की-बोर्डवर झोपलं तर उमटेल तसलं काहीतरी होतं.

"आणि तिजोरीची चावी?" काकूंनी बरोबर मुद्द्याला हात घातला.

"तो एकच पासवर्ड तू लक्षात ठेवायचास. कागदावर लिहायचा नाही. विसरलीस तर संपलं, मी पण उघडू शकत नाही, ज्याने हा प्रोग्रॅम बनवला तोपण नाही. लांबलचक ठेव. असं काहीतरी जे तू जन्मात विसरणार नाहीस आणि जन्मात कुणाला सांगणार नाहीस."

काकू थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिल्या. मग लाजल्या. पासवर्ड ठेवताना लाजलेली बाई मी आयुष्यात तेवढी एकच पाहिली. त्यांनी स्वातीला आणि मला स्वयंपाकघरात पिटाळलं, हॉलचा पडदा ओढून घेतला आणि एका बोटाने टाइप करायला बसल्या. टक. टक. टक. माझा दुसरा चहा संपला तरी टकटक चालूच. "आई, रामरक्षा लिहितेयस का?" स्वाती ओरडली. पडद्यापलीकडून नुसती टकटक.

तेव्हापासून सगळं सुरळीत चालू लागलं. बिल्डिंगीतल्या कुणालाही स्वतःचा पासवर्ड माहीत नव्हता आणि कुणाचं काही अडत नव्हतं. गॅलरीतून ओरडणं बंद झालं. काकूंचा चेहरा पुन्हा उजळला.

आता मिनलचं सांगते. मिनल तळमजल्यावरची, पेणकडची मुलगी. नर्सिंगचा कोर्स करून मीरा रोडला एका लहानशा नर्सिंग होममध्ये लागली होती. तिथे कायम करायचं नाव नाही, सुट्टी मागितली की तोंडं वाकडी. घरी वडील आजारी, धाकटा भाऊ शाळेत. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्सची भरती निघाली तेव्हा तिने काकूंच्या हॉलमध्ये बसून अर्ज भरला आणि उठताना कॉम्प्युटरला नमस्कार केला. काकूंनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मला ती पोर आवडायची. ड्युटीवरून आली की डोळ्यांत झोप असायची तरी जिन्यात हसून बोलायची.

दोन हजार आठच्या गणपतीला काकू गावी गेल्या. धाकूकाका मागे राहिले, कारण धनत्रयोदशीला लोक भांडी घेतात आणि त्याच्या आधीचे दोन महिने भांड्यांच्या कारखान्यात मान वर करायला फुरसत नसते. ते गौरींच्या वेळी जाणार होते. स्वाती ऑफिसच्या कामाला बंगलोरला. निघताना काकूंनी नेहमीप्रमाणे सगळ्या चाव्या माझ्या स्वाधीन केल्या, कुणाचा चमचा आणि कुणाची दांडी ते तीनतीनदा पाठ करून घेतलं. बाई इतकी चोख, की नारळ कुठे ठेवलेत तेही सांगून गेली. तिजोरीची चावी मात्र सोबत घेऊन गेली. ती खिळ्यावर नव्हती ना, म्हणून आठवलीच नाही. त्यांना नाही, मला नाही, कुणालाच नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिनल माझ्या दारात आली ती रडवेली होऊन. हॉस्पिटलमधून फोन आला होता. मुलाखतीचं पत्र मेलवर पाठवलंय, ते छापून आणा, उद्या सकाळी नऊला हजर राहा, पत्राशिवाय गेटवर सोडणार नाहीत. ती ड्युटीवर होती, सुटून येईपर्यंत त्यांचं ऑफिस बंद झालेलं.

"मग जा ना सायबर कॅफेत, काढ पत्र," मी म्हटलं.

"मावशी, मला माझाच पासवर्ड माहीत नाही."

माझं डोकं फिरलं. कॅफेत जाऊन ते 'पासवर्ड विसरलात का' करून बघितलं, तर मेलवाल्यांनी विचारलं, तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय? मिनलने शाळेचं नाव घातलं. चूक. स्वातीबाईंच्या शिकवणीप्रमाणे काकूंनी तिथेही मांजरीचा पासवर्ड घातलेला होता आणि तोही तिजोरीत. शहाणपणाची पण काही हद्द असते!

आम्ही दोघी समोर धाकूकाकांकडे गेलो. काका नुकतेच कारखान्यातून आले होते, गॅसवर भात होता. मी ओरडून ओरडून त्यांना सगळं सांगितलं. कॉम्प्युटर लावला, तिजोरी समोर आली, आणि मी सुचेल ते घालायला लागले. स्वातीचं नाव. गावाचं नाव. ग्रामदेवतेचं नाव. माहेरचं आडनाव. एकही लागेना. मिनल घड्याळाकडे बघत होती.

"माझं नाव घालून बघ," काका म्हणाले आणि लगेच स्वतःच हसले. "नको. तिच्या हातून यायचं न्हाय ते."

मी तरी घातलं. धाकू. तिजोरीने नकार दिला.

"मी बोललो ना," काका म्हणाले आणि भात बघायला गेले. भाताला एवढं काय बघायचं असतं कोण जाणे, बराच वेळ झाकण हातात धरून उभे होते. मला वाईट वाटलं. उगाच घातलं मी ते.

आता एकच आशा होती. काकूंच्या गावात मोबाइलला रेंज फक्त वाडीच्या वरच्या कातळावर मिळायची. गणपतीला आलेले सगळे मुंबईकर दिवेलागणीला त्या कातळावर चढून आपापल्या घरी फोन करायचे. काकूही रोज तिथून काकांना फोन करायच्या, "जेवलात काय?" एवढं विचारायला. तो फोन आला आणि मी तो काकांच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच. स्पीकर चालू केला आणि सगळा प्रकार सांगितला. पलीकडे वारा घोंगावत होता आणि आजूबाजूला दहाबारा मुंबईकर आपापल्या फोनमध्ये कोकलत होते.

"काकू, तिजोरीचा पासवर्ड सांगा. लवकर."

"अगो, कसं सांगू?"

"तोंडाने सांगा! उद्या सकाळी मिनलची मुलाखत आहे."

"मी रातच्या एसटीनं निघते."

"गणपतीच्या गर्दीतून पोचेपर्यंत दुपार होईल. काकू, कुणी ऐकेल म्हणून घाबरताय का? तुम्ही आल्यावर बदलून टाका."

"तसं न्हाय गो..." आवाज एकदम बारीक झाला. "हे हायत काय तिथं?"

"हो, इथेच आहेत."

"त्यांना भायेर पाठव."

मी काकांना खुणेने सांगितलं. काका निमूट गॅलरीत गेले. खाली सोसायटीच्या गणपतीसमोर स्पीकर चालू होता, त्यामुळे आत कोण काय बोलतंय हे चांगल्या कानाच्या माणसालाही कळलं नसतं. "गेले," मी सांगितलं.

"मी एकेक अक्षर सांगते हां. आख्खं न्हाय बोलणार. के. ए. यू..." आणि काकू सुरू झाल्या. मला काही केल्या हा हट्ट कळेना. एक अक्षर आलं की दोन वाऱ्याने जायची. मध्येच शेजारचा कुणी ओरडायचा, "अरे मोदक बनवलेत, मोदक!" समोर चौकटीत नुसते काळे ठिपके, काय चुकलंय ते बघायचीही सोय नाही. मी एंटर मारला. नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा नाही.

माझा संयम संपला. "काकू, असं जन्मात जमणार नाही! काय आहे ते एकदा सरळ सांगा, मग मी अक्षरं जुळवते."

"न्हाय गो, बाय, न्हाय जमणार. इथं सगळी हायत."

तेव्हा मिनलने माझ्या हातातून फोन घेतला. "काकू, मी मिनल," ती म्हणाली. "राहू दे. तुम्हाला त्रास नको. दुसरी भरती निघेल कधीतरी." आवाज साधा होता, रडत नव्हती. आणि तेच मला सहन झालं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"थांब, पोरी," काकू म्हणाल्या. मग घसा खाकरल्याचं ऐकू आलं. आणि मग, रेंज जाईल या भीतीने, अख्ख्या कातळावर ऐकू जाईल अशा आवाजात आनंदीकाकूंनी पासवर्ड सांगितला:

"कौलावर चढली दुधीची वेल,
धाकूरावांच्या संगतीनं जन्म हसत जाईल!"

कातळ चिडीचूप झाला. एकाचंही हॅलो ऐकू येईना. मग कुणीतरी शिट्टी मारली, टाळ्या पडल्या, आणि एक बाप्या ओरडला, "आनंदीवयनी, परत एकदा!"

"मेल्यांनो, फोन करायला आलात ना? करा फोन!" काकू कडाडल्या. आणि मग माझ्यावर, "लिहिलंस काय?"

मी कुठली लिहितेय? माझे डोळे भरून आले होते. परसात पळून गेलेल्या नवरीचा तो उखाणा होता. जे नाव आपल्या तोंडातून कधीच निघणार नाही याची तिला पक्की खात्री होती, त्याच नावात तिने अख्ख्या बिल्डिंगीची दारं बंद करून ठेवली होती. मिनल हसत होती आणि डोळे पुसत होती. मग मी नाक ओढलं आणि एकेक शब्द अक्षरं वाचून दाखवत टाइप केला, काकूंनी मास्तरिणीसारखं दोन ठिकाणी दुरुस्त केलं, आणि तिजोरी उघडली. मिनलचं पत्र होतं. ते पेन ड्राइव्हवर घेऊन ती धावत खालच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली.

काका गॅलरीतून आत आले. "मिळाला काय?"

"मिळाला, काका!"

"काय होता?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना एक अक्षर ऐकू आलेलं नव्हतं. सगळ्या वाडीने ऐकलं, मी ऐकलं, मिनलने ऐकलं, आणि ज्याला आयुष्यभर ऐकायचं होतं तो गॅलरीत उभा राहून खालचा गणपती बघत होता. माझ्या जिभेवर आलं होतं, अगदी टोकावर. पण फळीवरचे खिळे समोर दिसत होते.

"काका," मी ओरडले, "चावी ज्याची, त्याच्याच हातून घ्यायची."

काकांनी मान डोलावली. "बरोबर हाय," म्हणाले आणि मला भात खाऊन जायला सांगितलं.

मिनल दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन गेली आणि दिवाळीनंतर त्या हॉस्पिटलात रुजू झाली. पेढ्यांचा पहिला पुडा तिने काकूंना दिला, दुसरा मला, आणि एक पेढा की-बोर्डसमोर ठेवला. तो नंतर मुंग्यांनी खाल्ला.

पण हे पुढचं झालं. त्याआधी गौरी-गणपती आटपून काकू परत आल्या, पिशवीत गावची मोठमोठाली तवशी, म्हणजे गावठी काकड्या, घेऊन. काकांना कारखान्यातून सुट्टीच मिळाली नव्हती, ते इथेच राहिले होते. स्वातीही बंगलोरहून आली होती. तिने सगळं ऐकलं, पोट धरून हसली आणि मग आईला धारेवर धरलं. "पासवर्ड आजच्या आज बदल. सगळ्या वाडीला पाठ झालाय. आणि दुसरं, हा फक्त तुझ्या एकटीच्या डोक्यात ठेवायचा नाही. विश्वासाच्या आणखी एका माणसाला माहीत पाहिजे. परत असं अडलं तर?"

"कुणाला सांगू?"

स्वातीने स्वतःकडे बोट दाखवलं. मी छताकडे बघत राहिले, म्हणजे मी आहेच असं. काकूंनी आम्हा दोघींना नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्यांना सांगते."

"बाबांना? अगं, त्यांना कॉम्प्युटर चालू करता येत नाही!"

"चावी सांभाळायला कुलूप कशाला उघडता यायला पायजे?" काकू म्हणाल्या.

रविवारी दुपारी स्वाती बाहेर गेल्यावर काकूंनी पडदा ओढून नवा पासवर्ड ठेवला. टकटक मला भिंतीतून ऐकू येत होती, दारं समोरासमोर असली तरी आमची आणि त्यांची स्वयंपाकघरं मागे पाठीला पाठ लावून आहेत. टकटक थांबली आणि काकूंची हाक आली, "अवो, इकडं या जरा." मग खुर्ची सरकली. काकूंनी घसा खाकरला. तो खाकरा मला आता ओळखीचा होता.

मी चटकन मिक्सर लावला. आत सुकं खोबरं होतं. दुसऱ्याचा पासवर्ड ऐकायचा नाही, एवढं तरी मी त्या घराकडून शिकले होते. थोड्या वेळाने मिक्सर बंद केला तर काकूंचा आवाज, "आलं काय ऐकायला?"

आणि काकांचा, नेहमीसारखा गडगडाटी, "न्हाय गो! परत सांग!"

मी मिक्सर लावला. बंद केला.

"आता आलं?"

"अर्धंच आलं! परत एकदा!"

पुन्हा मिक्सर. खोबऱ्याला तेल सुटायला लागलं. जितेश आतून आला, "काय चाललंय? किती वाटतेयस ते?"

"गप बस," मी म्हटलं. "पासवर्ड चाललाय."

संध्याकाळी काका जिन्यात भेटले, भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. मी जवळ जाऊन विचारलं, "काका, मिळाली का चावी?"

काका एक पायरी वर आले. इकडेतिकडे बघितलं. आणि त्या माणसाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी हळू आवाजात बोलताना ऐकलं.

"पयल्या खेपेलाच आलं होतं ऐकायला," ते म्हणाले. "तिला सांगू नको."

मी अजून सांगितलेलं नाही.